मेक्सिकोत बसवलेली दाढ: खर्चाचा खरा हिशेब आणि काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी आकडे, कारण ॲरिझोनातल्या फिनिक्सकडच्या आपल्या मंडळींत मेक्सिकोत जाऊन दात करून घेण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न "किती वाचले?" हाच असतो. फिनिक्सजवळच्या चँडलरमधल्या डेंटिस्टने मला ८,१५० डॉलरचा अंदाज हातात दिला होता. खालची डावी दाढ काढून तिथे हाड भरायचे ८५०, इम्प्लांटचे (मुळाऐवजी हाडात बसवायचा स्क्रू) २,३००, त्यावरची जोडणी आणि कॅप मिळून २,१५०. उजवीकडच्या दाढेचं रूट कॅनाल १,४०० आणि तिची कॅप १,४५०. ऑफिसचा दातांचा विमा वर्षाला जास्तीत जास्त १,५०० डॉलर देतो आणि इम्प्लांटला एक सेंटही देत नाही. म्हणजे सगळं वजा जाता खिशातून ६,६५० जाणार होते.

हेच काम मेक्सिकोच्या सीमेवरच्या लॉस अल्गोदोनेस गावात २,८३० डॉलरमध्ये झालं. थ्री-डी स्कॅन ६०, दाढ काढणं आणि हाड भरणं ३७०, इम्प्लांट १,१५०, जोडणी आणि झिर्कोनिया सिरॅमिकची कॅप ५५०, रूट कॅनाल २८०, त्यावरची कॅप ४२०. कागदावर पाहिलं तर तिसऱ्या हिश्शात काम झालं, आणि जाहिरातीही असंच सांगतात. पण पेट्रोल, युमातलं मोटेल, खाणंपिणं, पार्किंग यांचे सगळे मिळून सहाशेच्या आसपास गेले. रात्री दातांवर घालायच्या गार्डचे ९० वेगळे. नंतर इथल्या डेंटिस्टला १६५ द्यावे लागले, त्याची गोष्ट पुढे येते. विम्याने रूट कॅनाल आणि कॅपचे ३५० परत केले. गोळाबेरीज ३,३३५. म्हणजे निम्मे वाचले. निम्मे ही काही लहान रक्कम नाही, पण जाहिरातीतली बचत आणि हातात पडलेली बचत यांत फरक आहे, आणि तो प्रवासातून आणि नंतरच्या देखभालीतून येतो. कोणी हा लेख शिकागोत किंवा न्यू जर्सीत बसून वाचत असेल तर विमानाचं तिकीट दोनतीनदा धरून हिशेब पुन्हा मांडा. इम्प्लांट एका खेपेत होत नाही.

गाव बघायला काही नाही. कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि मेक्सिको मिळतात त्या कोपऱ्यात चारसहा रस्त्यांचं बाहा कॅलिफोर्नियातलं गाव, आणि त्यात शेकड्यांनी दातांचे डॉक्टर. 'मोलर सिटी' (दाढांचं शहर) हे टोपणनाव त्यावरूनच पडलं. आमच्याकडून आय-८ महामार्गाने हिला बेंडवरून युमा, तिथून पुढे अँड्राडेची सीमाचौकी; घरापासून तीन-सव्वातीन तास. गाडी सीमेच्या अलीकडच्या बाजूलाच, क्वेचान या मूळ अमेरिकी जमातीच्या पार्किंगमध्ये लावायची आणि चालत सीमा ओलांडायची. मेक्सिकोच्या बाजूला पाऊल टाकलं की "डेंटिस्ट? चष्मा? औषधं?" करत माणसं मागे लागतात. पंढरपुरात पूर्वी बडवे जसे गाठायचे तसे. त्यांच्यामागे जाऊ नका. आधी ठरवलेल्या दवाखान्याचा पत्ता हातात ठेवून सरळ चालायला लागा.

वेळेची एक गंमत कोणी सांगत नाही. ॲरिझोनात घड्याळं वर्षभर बदलत नाहीत, बाहा कॅलिफोर्नियात मात्र बदलतात. त्यामुळे उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ असते आणि हिवाळ्यात तिकडे एक तास मागे. हिवाळ्यात नऊची वेळ मिळाली असेल तर ती आपल्या दहाची. तास हाताशी असतो, घाई करू नका.

हिवाळ्याचा खरा त्रास परतताना होतो. नोव्हेंबर ते मार्च कॅनडा आणि उत्तरेकडच्या राज्यांतले निवृत्त लोक युमाच्या परिसरात मुक्कामाला असतात आणि त्यांतले बरेच दातांसाठी इकडे येतात. दुपारनंतर परतीची रांग तासातासाने लांबते. भुलीचं इंजेक्शन उतरत असताना, गालात कापूस दाबून त्या रांगेत उभं राहणं हा अनुभव मी कोणाला सुचवणार नाही. सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी आणि जेवणाच्या आत परतावं. चौकी रात्री दहाला बंद होते हेही लक्षात असू द्या. उन्हाळ्यात रांग नसते, पण ऊन ४५ अंशांचं.

कागदपत्रांचं नीट बघा. भारतीय पासपोर्टवर चालू अमेरिकी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. ज्यांच्या एच-१बीचा (नोकरीच्या व्हिसाचा) शिक्का संपलाय पण आय-९४ (अमेरिकेतल्या मुक्कामाची नोंद) चालू आहे, त्यांना मेक्सिकोची ३० दिवसांच्या आतली फेरी करून परत येण्याची सवलत आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मात्र ही सवलत अमेरिकेत परतण्याची आहे. मेक्सिकोत शिरायला त्यांना मेक्सिकोचा व्हिसा काढावाच लागतो. शंका असेल तर ऑफिसच्या वकिलाला विचारा, दाढेपायी नोकरी नको अडकायला.

सासूबाई तेव्हा सांगलीहून आल्या होत्या, त्यांची वरची कवळी मधोमध तडकलेली. प्रवासी विम्यात कवळी कुठून असणार? चँडलरला दुरुस्तीचे अडीचशे डॉलर आणि आठवडाभर थांबा म्हणाले. अल्गोदोनेसला बहुतेक दवाखान्यांची स्वतःची लॅब असते. सकाळी दिलेली कवळी दुपारी जोडून, घासूनपुसून हातात. चाळीस डॉलर. मी खूश, सासूबाई नाहीत. "अगं, सांगलीला पाचशे रुपयांत करून दिली असती," हे त्यांनी युमा येईपर्यंत दोनदा ऐकवलं. परत येताना चौकीवरच्या अधिकाऱ्याने कशाला गेला होता म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी उत्तरादाखल तोंडच उघडून दाखवलं. त्याने हसून पासपोर्ट परत दिला. ती कवळी अजून शाबूत आहे आणि सांगलीत चकल्या फोडते आहे.

आता दवाखाना कसा निवडला. ज्या क्लिनिकमध्ये गेले त्याचं नाव मी देत नाही, कारण ते तुमच्या कामाला बरं असेलच असं नाही. काय विचारलं ते सांगते. मेक्सिकोत प्रत्येक डॉक्टरला सरकारी परवाना क्रमांक असतो, त्याला 'सेदुला' म्हणतात, आणि नावावरून तो सरकारी नोंदवहीत ऑनलाइन शोधता येतो. विशेष शिक्षणाची सेदुला वेगळी असते. रूट कॅनाल करणारा खरोखर त्यातला तज्ज्ञ आहे का, इम्प्लांट बसवणारा कोण, हे त्यातून कळतं. एका ठिकाणी हा क्रमांक मागितल्यावर रिसेप्शनवरच्या बाईंनी विषय बदलून मला दात पांढरे करण्याची सवलत सांगितली. तिथून निघाले.

दुसरा प्रश्न इम्प्लांट कोणत्या कंपनीचं, आणि सगळ्यात जास्त वेळ मी यावरच घालवला. त्यांच्याकडे तीन भाव होते. स्थानिक बनावटीचं सगळ्यात स्वस्त, कोरियन मधलं, स्विस महाग. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर जोडणी, आणि जोडणीवर कॅप. प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे, पाना वेगळा, सुटे भाग वेगळे. पाच वर्षांनी काही ढिलं झालं आणि तुमच्या गावातल्या डेंटिस्टकडे तो पाना नसेल तर त्याला हात लावता येत नाही. स्थानिक आणि स्विस यांत चारशे डॉलरचा फरक होता, तो मी दिला. इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप आणि लॉट क्रमांकाचं स्टिकर असतं. ते माझ्या कागदावर चिकटवून द्या, असं आधीच सांगून ठेवलं. तो कागद पासपोर्टच्या फाइलीत आहे.

एक गोष्ट आपल्या घरांत नक्की निघेल म्हणून लिहिते. दाढ काढल्यावर खड्डा भरायला जी हाडाची भुकटी वापरतात ती बऱ्याचदा गायीच्या हाडापासून केलेली असते. तुम्ही विचारल्याशिवाय कोणी आपण होऊन सांगत नाही, अमेरिकेतही नाही. दान केलेल्या मानवी हाडाची आणि कृत्रिम अशीही मिळते. मी कृत्रिम मागितली, भाव तोच लागला. सासूबाई शेजारच्या खुर्चीत होत्या, त्यामुळे दुसरा पर्याय तसाही नव्हता.

काम टप्प्याटप्प्याने झालं. हिवाळ्यात दाढ काढून हाड भरलं, त्याच खेपेत उजवीकडचं रूट कॅनाल आणि कॅप. उन्हाळ्याच्या तोंडावर इम्प्लांट. हाड टायटॅनियमला घट्ट धरायला खालच्या जबड्यात साधारण तीनचार महिने लागतात, म्हणून कॅप पावसाळ्यानंतर (सवयीने लिहिलं, इथे पाऊस कुठला!). दुखण्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. दाढ काढली तेव्हा दोन दिवस ठणका होता, इम्प्लांटच्या वेळी त्याहून कमी.

इम्प्लांटवरची कॅप बसून आता सात-आठ महिने झालेत. रूट कॅनालची दाढ विसरून गेले आहे, याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. पहिल्या आठवड्यात तिची कॅप किंचित उंच वाटत होती, पुढच्या खेपेत घासून घेतली. इथल्या सहामाही सफाईत एक्स-रे काढला, कडा नीट बसल्या आहेत म्हणाले.

इम्प्लांटची दाढ मात्र विसरू देत नाही. खऱ्या दाताच्या मुळाभोवती पातळ गादीसारखा पडदा असतो, त्यामुळे भातात खडा आला तर दात लगेच कळवतो. इम्प्लांट थेट हाडात असतं, त्याला ती गादी नाही. किती जोराने चावतोय ते कळत नाही. मला झोपेत दात खायची सवय, म्हणून गार्डचे ९० डॉलर मला मुळीच जास्त वाटत नाहीत. शिवाय इम्प्लांटची कॅप आणि शेजारचा दात यांच्या फटीत अन्न अडकतं. पोहे, मटकी, शेपूची भाजी विशेष. रोज रात्री बारीक ब्रश फिरवावाच लागतो. हे कुठेही इम्प्लांट केलं असतं तरी झालं असतं, पण अंदाजपत्रकात हे कोणी लिहीत नाही.

कॅप बसल्यावर पाचव्या महिन्याच्या सुमारास ती दाढ किंचित हलल्यासारखी वाटायला लागली. पोटात गोळा आला. अल्गोदोनेसला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, तासाभरात उत्तर आलं: जोडणीचा स्क्रू ढिला असेल, या, फुकट करून देतो. खरंच फुकट, पाच वर्षांची गॅरंटीच आहे. पण त्या आठवड्यात ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज होती आणि फुकटसाठी सगळा दिवस गाडीत घालवणं शक्य नव्हतं. चँडलरमध्ये दोन ठिकाणी "मेक्सिकोतलं काम आम्ही हाताळत नाही" म्हणून फोन ठेवला. तिसरीकडे मी आधीच स्टिकरचा फोटो पाठवला. कंपनी ओळखीची, पाना त्यांच्याकडे होता. एक्स-रे, स्क्रू ठरलेल्या ताणाने पुन्हा आवळला, वरचं छिद्र भरलं, १६५ डॉलर. तेव्हापासून हललेली नाही. चारशे डॉलरनी स्वस्त असलेलं ते इम्प्लांट घेतलं असतं तर हा स्क्रू आवळायला अल्गोदोनेस गाठावं लागलं असतं.

गॅरंटीतली एक अट बारीक अक्षरांत आहे: वर्षातून एकदा त्यांच्याकडे तपासणी आणि सफाई केली नाही तर गॅरंटी रद्द. सफाई चाळीस डॉलरची, जाणंयेणं त्याच्या दुप्पट. आणि काम खरोखर बिघडलं, नसेला इजा वगैरे झाली, तर अमेरिकन कोर्टाचा उपयोग नाही, तिथेच भांडावं लागेल. हे मान्य असेल तरच जा.

विम्याचे ३५० मिळवायचे तर बिलावर अमेरिकन दंतवैद्यक संघटनेचे कोड हवेत. दाढेच्या रूट कॅनालचा डी-३३३०, सिरॅमिक कॅपचा डी-२७४०. साधं "दात, ७०० डॉलर" असं बिल विमा कंपनी परत पाठवते. क्लिनिकला हे कोड माहीत असतात, मागितले की देतात. एचएसएचे (आरोग्यखर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्याचे) पैसेही परदेशातल्या दातांच्या उपचाराला चालतात. रोख दिले तर भाव थोडा उतरतो, कार्डावर वरचे तीनचार टक्के लावतात. डॉलर सगळीकडे घेतात, पेसो बदलून घ्यायची गरज नाही.

"मग पुण्यालाच का नाही केलंस?" हे माझ्या आईसकट सगळ्यांनी विचारलं. नुसतं रूट कॅनाल आणि कॅप असती तर डिसेंबरच्या सुट्टीत पुण्यालाच केली असती. तिथे ते याहूनही स्वस्त होतं आणि तीन आठवड्यांत आटोपतं. इम्प्लांटला महिन्यांच्या अंतराने खेपा लागतात, आणि प्रत्येक खेपेला हजार-पंधराशे डॉलरचं तिकीट आणि रजा. ज्यांना सहा महिने भारतात राहायचंच आहे त्यांनी मात्र सीमेकडे बघूही नये.

नवऱ्याच्या दोन्ही खालच्या अक्कलदाढा आडव्या आहेत. त्या काढायला त्याला अल्गोदोनेसला नेणार नाही, चँडलरलाच करणार आहोत. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री रक्त थांबलं नाही तर दहाला बंद होणाऱ्या चौकीच्या पलीकडे डॉक्टर असून उपयोग नाही, आणि अक्कलदाढांना त्याचा विमा पैसे देतो.