बिनबॅटरीचा लाइट डिटेक्टर: सोललेले पापुद्रे की सिलिकॉनवरची फिल्म?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला बॅटरीशिवाय चालणारा लाइट डिटेक्टर करायचं ठरलं, की बेळगावात काय किंवा निपाणीत काय, पहिली अडचण तीच: तो कशाचा करायचा?

उसाच्या फडात ऊन किती पडतं एवढंच मोजायचं असेल, तर बाजारातून सिलिकॉनचा फोटोडायोड (प्रकाश पडला की करंट देणारा छोटा भाग) आणा आणि मोकळे व्हा. तोही बिनबॅटरीचा करंट देतो, साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश ओळखतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. थरांचे पदार्थ, म्हणजे ज्यांचे अगदी पातळ थर सुटे होतात असे, घ्यायचे ते शिकण्यासाठी, नवं काही शोधण्यासाठी.

त्यातली देखणी वाट म्हणजे सेलोटेपनं सोललेले पापुद्रे. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एक थर जेमतेम ०.६५ नॅनोमीटर जाड. त्यावर टंगस्टन डायसेलेनाइडचा पापुद्रा ठेवला की पी-एन जंक्शन, म्हणजे होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) जास्त असलेल्या आणि इलेक्ट्रॉन जास्त असलेल्या पदार्थांची सीमा, तयार होतं आणि तिथलं अंगचं विद्युतक्षेत्रच प्रकाशानं सुटलेले इलेक्ट्रॉन आणि होल वेगळे करतं. बाहेरून व्होल्टेज लागत नाही, त्यामुळे डार्क करंटही (अंधारातही वाहणारा करंट) नगण्य. पण पापुद्रा असतो काही मायक्रोमीटर रुंदीचा. तो नेमका दुसऱ्यावर बसवायला आणि त्याला इलेक्ट्रोड काढायला लागणारी सोय आपल्याकडच्या कॉलेजांत सहसा नसते. त्यासाठी बेंगळुरूच्या आयआयएससीसारखी जागा गाठावी लागते. ब्लॅक फॉस्फरस या दुसऱ्या थरांच्या पदार्थाच्या मोहात तर पडूच नका. हवेतल्या ऑक्सिजन आणि ओलाव्यानं तो खराब होतो, आणि खानापूरचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे.

हाताशी सहाच महिने असतील तर मी पी-टाइप (होल जास्त असलेल्या) सिलिकॉनवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची फिल्म सुचवेन. अमोनियम मॉलिब्डेट, थायोयुरिया आणि २०० अंशांच्या आसपास तापवलेला ऑटोक्लेव्ह (दाब सहन करणारं बंद भांडं) एवढ्यावर फिल्मसाठीची पावडर मिळते. शिवाय रासायनिक पद्धतीच्या पातळ फिल्मचं काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अनेक वर्षं चालत आलंय. विचारायला माणसं जवळ आहेत. सिलिकॉनवरचा ऑक्साइड काढायचं हायड्रोफ्लोरिक आम्ल मात्र एकट्यानं हाताळू नका. जाणकार माणूस शेजारी आणि हे आम्ल अंगाला लागलं तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल टेबलावर हवंच.

या वाटेची खरी गोम वेगळी आहे. करंट येतो, पण त्यातला बराचसा सिलिकॉनचाच असू शकतो, कारण प्रकाश तोही शोषतो. म्हणून त्याच वेफरच्या (सिलिकॉनच्या चकतीच्या) तुकड्यावर, तेच इलेक्ट्रोड लावून, फिल्म नसलेलं एक सॅम्पल करा आणि दोन्ही एकाच दिव्याखाली मोजा. ही तुलना नसलेला प्रोजेक्ट मला अर्धवट वाटतो.

रिस्पॉन्सिव्हिटीचा, म्हणजे प्रकाशाच्या दर वॅटमागे मिळणाऱ्या करंटचा, आकडा आला की आणखी एक पडताळणी. शून्य बायसला, म्हणजे बाहेरून व्होल्टेज न देता, अशा जंक्शनमध्ये एका फोटॉनमागे फार तर एक इलेक्ट्रॉन सर्किटमधून फिरतो. म्हणजे नॅनोमीटरमधली तरंगलांबी भागिले १२४०, ही रिस्पॉन्सिव्हिटीची कमाल मर्यादा. ६५० नॅनोमीटरच्या लाल लेझरला ०.५२ अँपिअर प्रति वॅट. तुमचं उत्तर ५ किंवा १० आलं, तर आधी लेझरची पॉवर पुन्हा मोजा आणि डिटेक्टरचं क्षेत्रफळ कमी धरलंय का ते तपासा.