ड्रंक अँड ड्राइव्हची केस: वकील मॅडमनी खरं ते आधीच सांगितलं

पाचपैकी चार तारे.

भोसरीत आमचा टेम्पोचा धंदा आहे. दोन गाड्या, एक मी चालवतो, एक धाकटा भाऊ. जानेवारीत मित्राच्या हळदीहून मोटरसायकलवर घरी येताना तो नाकाबंदीत सापडला. मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा आला ७४. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. गाडी जमा, लायसन्स जमा, हातात कोर्टाच्या तारखेचा कागद.

आई दोन दिवस नीट जेवली नाही. मी चौकशीला कोर्टात गेलो तर गेटबाहेर एकाने गाठलं. "पंचवीस हजार द्या, आजच मिटवतो, लायसन्सपण हातात." मी देणार होतो, खरंच देणार होतो. शेजारच्या गॅरेजवाल्याने या मॅडमचा नंबर दिला म्हणून वाचलो.

मॅडमनी आधी कागद वाचला, पैशाचं नंतर बोलल्या. म्हणाल्या, ही केस सिग्नल तोडल्यासारखी चलन भरून मिटत नाही, मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहावंच लागतं. गुन्हा जामीनपात्र आहे. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० दंड किंवा दोन्ही. "शिक्षा काय द्यायची ते साहेब ठरवतात, मी शब्द देणार नाही." गेटबाहेरच्या माणसाने सगळ्याचाच शब्द दिला होता.

मग भावाला एकट्याला विचारलं, कबूल करायचं की केस लढवायची? लढवली तर पोलिसांची साक्ष, मशीनचे कागद, तपासणीचे रिपोर्ट, सगळं तपासता येतं, पण तारखा पडत राहतात. लढवली असती तर त्यांचीही फी वाढली असती, तरी एका शब्दाने गळ घातली नाही. भाऊ बाहेर येऊन म्हणाला, "दादा, मी प्यायलो होतो. खोटं कशाला बोलू?"

तारखेला अकराला पोहोचलो, पुकारा झाला पावणेदोनला. तोवर व्हरांड्यात उभे. वकीलपत्रावर सही, आधार कार्ड, गाडीचे कागद, सगळं मॅडमनी आदल्या दिवशी लिहून दिलं होतं. साहेबांनी गुन्हा वाचून दाखवला आणि विचारलं, कबूल आहे का. उत्तर भावाने स्वतःच दिलं. दहा हजार दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा झाली. संध्याकाळपर्यंत तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. एकतीस वर्षांचा माणूस, दोन मुलांचा बाप. मला त्याच्याकडे बघवेना.

या मॅडमकडे जावं असं मी सांगतो ते मात्र लायसन्सच्या गोष्टीमुळे. दंड भरला की ते परत मिळेल असं आम्ही धरून बसलो होतो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की लायसन्स आरटीओकडे जातं, तिथे आपलं म्हणणं मांडायची संधी मिळते, आणि पहिल्या वेळेलाही तीन महिन्यांची बंदी येऊ शकते. सापडला मोटरसायकलवर, पण लायसन्स एकच; म्हणजे टेम्पोही बंद. हे कळल्यावर आम्ही लगेच बदली ड्रायव्हर बघितला. पुढे तीन महिन्यांची बंदी आलीच, पण कंपनीची एकही फेरी चुकली नाही. आरटीओच्या नोटिशीचं उत्तरही त्यांनीच लिहून दिलं, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

एक तारा कमी दिला तो फोनसाठी. कोर्टाच्या वेळेत फोन उचलत नाहीत हे समजू शकतो, पण मेसेजचं उत्तरही दुसऱ्या दिवशी येतं, आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. फी आठ हजार ठरली होती. टायपिंग आणि स्टँपचे सहाशे नंतर सांगितले. ते आधी सांगायला हवे होते. पावती मागितल्यावर लगेच दिली.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. आईला जिने चढवत नव्हते, तर मॅडम स्वतः खाली आल्या आणि चहाच्या टपरीजवळ अर्धा तास तिच्याशी बोलल्या. त्या रात्री आई जेवली.