याळ देवी, कोलंबो फोर्ट ते जाफना: एका जुन्या फौजी ड्रायव्हरचा अनुभव

प्रवास फेब्रुवारी 2019 चा, दुसरा वर्ग, सोबत आमची सौ.

श्रीलंकेत कोलंबोहून उत्तरेला जाफन्याला जायचं असेल तर याळ देवी या रेल्वेगाडीनेच जा. सकाळी लवकर फोर्ट स्टेशनातून सुटते, सुमारे 400 किलोमीटर धावते आणि दुपार कलता पोचवते. जागा आधी आरक्षित करा. दुसऱ्या वर्गातली खिडकीजवळची घ्या, ती खिडकी उघडता येते. वाटेत कोळंबी लावलेले वडे विकायला माणसं डब्यात चढतात, गरम असतील तर सोडू नका. अनुराधापूरपर्यंत भातशेती आणि नारळ, हिला सारखं माहेर आठवत होतं. वावुनिया मागे पडलं, ताडाची झाडं दाट झाली आणि माझं बोलणं थांबलं.

मी आर्मी सर्व्हिस कोअरचा ड्रायव्हर. 1988 पासून अखेरपर्यंत श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेत होतो, जाफन्याजवळच्या पलाली तळावरून रेशनच्या गाड्या न्यायचो. सुरुंग खालून फुटतो, म्हणून पायाखाली वाळूच्या गोण्या अंथरलेल्या असत. रोज सकाळी आरओपीची, म्हणजे रोड ओपनिंग पार्टीची, पोरं रस्त्याच्या दोन्ही कडांनी माती तपासत पायी पुढे जायची. त्यांनी रस्ता ओपन झाल्याचं कळवल्याशिवाय कॉनव्हॉय हलत नसे. तासाभराच्या वाटेला अर्धा दिवस जाई. संध्याकाळी ती पोरं माघारी फिरली की रस्ता पुन्हा वाघांचा, म्हणजे एलटीटीईच्या तमिळ बंडखोरांचा. दुसऱ्या दिवशी तोच मोरीचा पूल, तेच वळण, पुन्हा पहिल्यापासून.

गावी आजही मला विचारतात, न जिंकता परत कसे आलात? त्यांना मी हा रस्ता सांगतो. 29 जुलै 1987 ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, तेव्हा आम्ही हत्यारं जमा करून घ्यायला गेलो होतो. ऑक्टोबरात त्याच वाघांशी लढाई जुंपली. ज्या तमिळ लोकांसाठी गेलो, ते दार लावून घेऊ लागले. 1989 मध्ये नवे अध्यक्ष प्रेमदासांनी जुलैअखेर निघून जा म्हणून सांगितलं, आणि त्यांच्या सरकारने वाघांना हत्यारं दिल्याचं पुढे उघड झालं. यजमान नको म्हणतो, गावही नको म्हणतं, तिथे रोज उघडून रोज बंद होणाऱ्या रस्त्यावर आणखी किती पोरं घालायची? जवळजवळ 1,200 गेली होती. व्ही. पी. सिंगांच्या सरकारने परत बोलावलं ते बरोबरच केलं. माझी तक्रार एवढीच की ते आधी व्हायला हवं होतं.

मुंबईत जन्मलेले, 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 ला जाफन्याजवळ पडले. छातीत गोळी लागलेली असताना लढले, परमवीर चक्र मिळालं. परत आलो म्हणून त्यांचं मरण वाया गेलं, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. त्यांचं शौर्य त्यांचं आहे. ते सार्थ ठरवायला आणखी एका आईचा मुलगा लागत नाही.

मागे काय झालं तेही लपवत नाही. शेवटची तुकडी 24 मार्च 1990 ला त्रिंकोमालीहून निघाली आणि जूनमध्ये श्रीलंका सरकार आणि वाघांचं पुन्हा युद्ध पेटलं. पूर्वेकडे शरण आलेल्या शेकडो पोलिसांना वाघांनी मारलं. आमच्या भरवशावर राहिलेल्या तमिळ पोरांना तर आम्ही मागेच सोडलं होतं. निघताना त्यांची सोय करायला हवी होती, ते मनातून जात नाही. पण आम्ही राहून ते युद्ध थांबलं असतं, हे मी कधीच मानणार नाही. ते 2009 पर्यंत चाललं.

याच जूनमध्ये ही गाडीही बंद पडली होती. रूळ आणि स्लीपर उपटून बंकरांना लावले गेले. ते पुन्हा टाकले आपल्याच इरकॉन कंपनीने, भारताने दिलेल्या कर्जातून, आणि ऑक्टोबर 2014 मध्ये याळ देवी परत जाफन्यात शिरली. एलिफंट पासला गाडी खाडीच्या कडेने जाते. दोन्ही बाजूंना उथळ पाणी, बगळे, मिठाचा वास. जागा सोडून दारात उभे राहा. मी उभा होतो, आणि पुढे रूळ तपासत चालणारं कुणी नव्हतं.

समोर एक म्हातारी बाई होती, मांडीवर नातू. तिने फडक्यातल्या उकडलेल्या शेंगा आम्हाला दिल्या. मला तिच्याशी बोलायचं होतं. पण मला येणारं तमिळ नाक्यावरचं: निल्लु, थांब. इरंगु, खाली उतर. कैयै तूक्कु, हात वर. पस्तिशीत हे शब्द मी तिच्याच वयाच्या बायकांवर ओरडलो होतो. मी नुसते हात जोडले.

जाफना आलं. बाईने नातवाला कडेवर घेतलं, आमच्या बॅगेकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, ‘‘इरंगुंगो.’’ उतरा.