टीसीएल पावडर आणायची की लिक्विड क्लोरीनचा कॅन? पावसाळ्याआधी ठरवणाऱ्यांसाठी

मे संपत आला की आमच्या अपार्टमेंटमध्ये ठरलेला वाद सुरू होतो, यंदा टाकीतले आणि पार्किंगमधले जंतू मारायला टीसीएलचं, म्हणजे आपल्या ब्लीचिंग पावडरचं, पोतं आणायचं का लिक्विडचा कॅन. पावडरवाले म्हणतात स्वस्तात पडतंय, लिक्विडवाले म्हणतात कालवत कोण बसणार, आणि दोन्ही पार्ट्यांतल्या एकानंही कधी हातात ग्लोव्हज घातलेले नसतात. मी तीन वर्षं सेक्रेटरी होतो, दोन्ही आणून झालं, दोन्हीचे चटके बसून झाले, म्हणून आता विचारणाऱ्याला हे एकदाच लिहून देतोय. नदीकडच्या भागात राहणाऱ्यांना तर हा विषय चुकतच नाही. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५५ च्याही वर गेलेलं, मग दोनच वर्षांत २०२१ ला परत तेच. पाणी उतरल्यावर पार्किंगमध्ये आणि जमिनीखालच्या टाकीत जो काळा चिकट गाळ बसतो ना, तो नुसता पाईप मारून जात नाही.

आधी एक गोष्ट, दोन्हीत काम करणारा माल एकच आहे, क्लोरीन. टीसीएल म्हणजे विरलेल्या चुन्यात क्लोरीन जिरवून केलेली पावडर, ताजी आणि चांगली असेल तर तिच्यात ३३-३४ टक्के क्लोरीन मिळतो. लिक्विड म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट, सगळे हायपोच म्हणतात, छोट्या बाटलीत साधारण ५ टक्क्याचं आणि मोठ्या कॅनमध्ये १० ते १२ टक्क्याचं. त्यामुळं कुठलं जास्त जंतू मारतं ह्यावर मीटिंगमध्ये तासभर भांडायची काही गरज नाही, मात्रा बरोबर असेल तर दोन्ही मारतात. भांडायचंच असेल तर ते ठेवणार कुठं, हाताळणार कोण आणि त्याच्या शेजारी काय ठेवलेलं असणार ह्यावर भांडा.

मात्रेचा हिशोब आधी सांगून टाकतो. गाळ काढून धुतलेल्या टाकीत १००० लिटर पाण्याला ३० टक्केवाली पावडर ५ ग्रॅम, नाहीतर ५ टक्क्याचं लिक्विड ३० मिली, नाहीतर १० टक्क्याचं १५ मिली. तिन्हीत क्लोरीन सारखाच पडतो. टाकल्यावर अर्धा-एक तास थांबायचं, मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून बघायचं, पिवळा रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे, नाही आला तर पाण्यातल्या घाणीनं तो खाऊन टाकलाय. ओटीचं ते पाणी मोरीत ओता, परत टाकीत नको, ते औषध पिण्यातलं नाही. फरशीला आणि भिंतीला १० लिटरच्या बादलीत ५ टक्केवालं २०० मिली बास होतं, पण गाळ आधी खरवडून धुतलेला पाहिजे, चिखलावर ओतलेला क्लोरीन चिखलच मारत बसतो.

आता कॅनबद्दल, कारण माझा जास्त राग त्याच्यावर आहे. पहिल्या वर्षी आम्ही हौसेनं १२ टक्क्याचा मोठा कॅन आणला आणि गच्चीवरच्या खोलीत ठेवला, वर पत्रा, मे महिना. हायपो तसंही आपोआप मोडत असतं, उन्हानं आणि उकाड्यानं आणखी जोरात, आणि जितकं कडक तितकं लवकर मोडतं, म्हणजे तुम्ही १२ टक्क्याचे पैसे देता आणि जुलैत हातात काय शिल्लक राहतं ते टेस्ट केल्याशिवाय कळत नाही. मोडताना गॅस सुटतो. तीन आठवड्यांनी बघतो तर कॅन पोटुशी म्हशीसारखा फुगलेला, झाकण फिरवलं तर फुस्स करून शिंतोडे वर. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. शर्टाला तेव्हा काहीच दिसलं नाही, संध्याकाळपर्यंत छातीवर पांढरे ठिपके आणि दोन धुण्यांनंतर त्या ठिकाणी भोकं. हाताला लागलेलं तर आणखी फसवं, ॲसिडसारखं लगेच चरचरत नाही, बोटं बुळबुळीत होतात, साबण लावल्यासारखं वाटतं. तो साबणच असतो, आपल्या कातडीतल्या चरबीचा झालेला. म्हणून माणूस आरामात काम करत राहतो आणि रात्री बोटं सोलायला लागतात.

पावडरचं दुखणं वेगळं आहे. पोतं फोडताना जी धूळ उडते ती नाकात घशात जाते, खोकून खोकून डोळ्यातनं पाणी, आणि घामानं ओल्या मानेवर बसली की तिथंच भाजते. आणि पोतं ठेवणार कुठं? आम्ही ठेवलं मीटर रूममध्ये, कारण तिला कुलूप आहे. पावसाळ्यात पावडरनं ओल धरली, ओल धरली की क्लोरीन उडायला लागतो, आणि दोन-तीन महिन्यांत मीटरच्या पेटीचे स्क्रू, बिजागऱ्या, कुलूपसुद्धा तांबड्या गंजानं फुललेलं, वायरमन आला त्यानं आधी आम्हालाच शिव्या घातल्या. पोत्यात तोवर नुसता चुनाच उरलेला बहुतेक, ओटीला पिवळेपणा दिसेना. पाणी देणाऱ्या ग्रामपंचायतींना म्हणूनच पावडर तपासून घ्यायला सांगतात, २० टक्क्याच्या खाली गेली की ती कामाची नाही. पण कोरड्या जागी, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, जमिनीपासून वर फळीवर ठेवली तर पावडर कडक लिक्विडपेक्षा जास्त टिकते, हे मान्य करायला पाहिजे. लोखंडी किंवा पत्र्याचा डबा नको, ॲल्युमिनियमचं भांडं तर दोन्हीला नको.

कालवायची पद्धत लई जण उलटी करतात. बादलीत आधी पाणी, मग पावडर थोडी थोडी सोडायची, लाकडी काठीनं हलवायचं, तोंड बाजूला, वारा पाठीमागनं. दहा मिनिटं ठेवलं की चुना तळाशी बसतो, वरची निवळी तेवढी टाकीत, खालचा चोथा नाही. लिक्विडला हे काही लागत नाही, मापून ओतलं की झालं, आणि म्हाताऱ्या वॉचमन काकांना सांगायला तेच सोपं आहे हे लिक्विडवाल्यांचं म्हणणं मला पटतं.

आता ॲसिड. पूर उतरल्यावर तळमजल्याच्या बाथरूमात जिना धुणाऱ्या मावशींनी आधी हायपो मारलं, डाग गेला नाही म्हणून वरनं टॉयलेटचं ॲसिड ओतलं, दार लोटलेलं, खिडकी म्हणजे वीतभर झरोका. दोन मिनिटांत मावशी पदर तोंडाला लावून बाहेर, खोकला थांबेना, बोलता येईना. हायपो असो नाहीतर पावडर, त्यावर ॲसिड पडलं की क्लोरीन गॅस सुटतो, तोच जो पहिल्या महायुद्धात १९१५ ला ईप्रला सैनिकांवर सोडलेला. लिंबू आणि व्हिनेगरनं पण हेच होतं, फक्त कमी. त्यांना आम्ही लगेच उघड्यावर बसवलं, मग दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी बराच वेळ ठेवून घेतलं कारण छातीचा त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो, लगेच बरं वाटलं म्हणून घरी जाऊन झोपायचं नसतं. चूक मावशींची नव्हती. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर मीच ठेवल्या होत्या, त्यातली एक कोल्ड्रिंकच्या बाटलीत, दुकानदारानं सुट्टं दिलेलं.

हा गॅस हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड असतो, खाली बसतो. आता विचार करा, जमिनीखालची टाकी, एकच झाकण, आत माणूस उतरून भिंती हायपोनं घासतोय. रुमाल बांधून काही होत नाही, रुमाल गॅस अडवत नाही, साधा मास्क पण नाही, तो पावडरच्या धुळीपुरता ठीक. टाकी आधी दिवसभर उघडी ठेवा, फॅन लावा, दोरी बांधून माणूस उतरवा, वर एक जण सतत बोलता पाहिजे, आणि आत माणूस पडला तर वरच्यानं मागोमाग उडी मारायची नाही. आत घासायला पातळ केलेलंच द्यायचं, कॅनमधलं कधीच नाही. चष्मा म्हणाल तर उद्यमनगरात ग्राइंडिंगचे स्वस्तात मिळतात पण त्याला बाजूनं भोकं असतात, शिंतोडे आत येतात, केमिकलचा बंद गॉगल मागा.

गोठा असेल तर गणित थोडं बदलतं. माझा मावसभाऊ करवीर तालुक्यात म्हशी सांभाळतो, पुराच्या वेळी गोठ्यात पाणी आलेलं, त्यानं शेणमूत तसंच ठेवून त्यावर टीसीएल फेकली. मुतातल्या अमोनियाबरोबर क्लोरीनचं जे होतं त्याचाही गॅसच, डोळे झोंबले, म्हशी दावं तोडायला लागल्या. जनावरं बाहेर, शेण उचला, भरपूर पाणी मारा, मग क्लोरीन. आणि त्याच्याकडं पोतं कुठं होतं तर युरियाच्या पोत्याला टेकून, वर डिझेलचा कॅन. टीसीएल खतात मिसळली किंवा तेल-डिझेलनं भिजली तर नुसता वास येऊन थांबत नाही, पेट घेते, स्फोटसुद्धा होऊ शकतो. शेतकऱ्याच्या घरी पावडर नको असं मी म्हणण्याचं कारण हेच, बाकी मोठ्या गोठ्याला स्वस्त तीच पडते.

मध्ये एक सेल्समन हायड्रोजन पेरॉक्साईड घेऊन आला होता, वास नाही, शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच उरतो वगैरे. खरंय ते. पण ३५-५० टक्क्याचं पेरॉक्साईड बोटावर पडलं की कातडी पांढरीफट होऊन जळते, कापडा-लाकडावर सांडलं तर आगीला निमित्त, आणि ते पाण्यात क्लोरीनसारखं टिकून राहत नाही. अपार्टमेंटला कशाला तो नाद.

डोळ्यात गेलं तर, कुठलंही असो, लगेच नळाखाली १५-२० मिनिटं, पापणी बोटांनी उघडी धरून, आणि मग डोळ्याचा डॉक्टर. आधी डॉक्टरकडं पळायचं नाही, रस्त्यात सिग्नलला डोळा जातो. अंगावर पडलं तर कपडे काढा, धूत राहा, लिंबू वगैरे चोळू नका. पोरानं गिळलं तर उलटी करवायची नाही, जाताना जळलेलं येताना परत जळतं, तोंड धुऊन बाटलीसकट दवाखाना, नाहीतर १०८.

तर ठरवणाऱ्यासाठी माझं मत. १०-१५ फ्लॅटचं अपार्टमेंट असेल तर ५ टक्क्याचं लिक्विड, छोट्या बाटल्या, कंपनीचं सील आणि तारीख बघून, दोन महिन्यांपुरतंच, पाणी शुद्ध करायचं आहे असं सांगून मागा कारण कपड्यांच्या ब्लीचमध्ये सेंट आणि साबण असतो. आशाताई मेडिक्लोरच्या बाटल्या देतात त्या घरच्या घागरीला, पार्किंगला नाही. पूर येऊन गेला आणि सगळा तळमजला धुवायचा आहे, तेव्हा टीसीएल, पण त्या आठवड्यापुरती लागेल तेवढीच, उरवायची नाही. मोठा कॅन मात्र ज्यांच्याकडं सावलीची हवेशीर खोली आणि शिकलेला माणूस आहे त्यांनीच आणावा, बाकी कुणालाच सांगत नाही.

आमच्याकडं आता हायपो तळमजल्याच्या कपाटात खालच्या कप्प्यात, त्यावर मार्करनं तारीख आणि "ॲसिडसोबत नको" एवढंच. ॲसिड आणायचं बंद केलंय. टॉयलेटचे पिवळे डाग तसेच आहेत, मीटिंगमध्ये त्यावरनं रोज ऐकून घेतोय.