बेडरूमचे दिवे खाली आणले: दिवाळी ते श्रावण, वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या खरेदीत आम्ही बेडरूममधली रात्रीच्या दिव्यांची सगळी रचनाच बदलली. आता श्रावण लागलाय. थंडी, उन्हाळा, वळीव आणि कोल्हापूरचा धो धो पाऊस, सगळ्यातून हे दिवे गेलेत, म्हणून आता लिहितेय.

आमचा राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, बेडरूम दहा बाय बाराची. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत आणि शिफ्ट बदलती. सेकंड शिफ्ट असली की घरी पोचेपर्यंत मध्यरात्र होते. मुलगी पहिलीत, आमच्याच खोलीत झोपते. पूर्वी खोलीत दोनच दिवे होते, पलंगासमोरच्या भिंतीवर वीस वॉटची एलईडी ट्यूब आणि कोपऱ्यात हिरवा झिरो. ट्यूब लावली की मुलगी उठून बसायची, नाही लावली तर हे अंधारात कपाट चाचपडत राहायचे. ह्यांची झोप आधीच शिफ्टमुळे विस्कटलेली, त्यात आल्या आल्या डोळ्यांवर तो पांढरा झोत.

इतक्या महिन्यांनी माझं ठाम मत झालंय की बेडरूममध्ये दिव्याच्या रंगाइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, त्याची उंची महत्त्वाची असते. आपण बेडरूममध्ये आडवे असतो. छतावरचा किंवा समोरच्या भिंतीवर उंच लावलेला दिवा बैठकीच्या खोलीत कुणाला खुपत नाही, पण उशीवर डोकं टेकलं की तोच थेट बुबुळात येतो. दिवा डोळ्यांच्या रेषेखाली असावा किंवा भिंतीवर आपटून परत येणारा असावा. हे जमलं की कमी वॉटमध्येही खोली भरल्यासारखी वाटते.

रंगाचंही सांगते. पाकिटावर केल्विनचा आकडा असतो. आपल्याकडे घरोघरी जी ट्यूब लागते ती बहुतेक ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढरी. २७०० किंवा ३००० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळचा उजेड. पांढऱ्या एलईडीच्या पोटात मुळात निळा डायोडच असतो आणि त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे उजेड पांढरा दिसतो. (ह्या निळ्या डायोडसाठीच अकासाकी, अमानो आणि नाकामुरा ह्या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) केल्विन जितके जास्त तितका निळ्याचा वाटा जास्त. आपल्या डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं काम दिसण्यापेक्षा मेंदूला दिवस-रात्र कळवण्याचं असतं, आणि त्या निळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतात. रात्री तो उजेड मिळत राहिला की झोपेचं मेलाटोनिन उशिरा वाढतं. पण वॉर्म, म्हणजे पिवळसर, बल्बसुद्धा भगभगीत लावला तर व्हायचा तो परिणाम होतोच. मंद हवा, पिवळा हवा आणि खाली हवा, तिन्ही एकत्र.

आम्ही तीन गोष्टी घेतल्या. हेडबोर्डच्या मागे ३००० केल्विनची एलईडी स्ट्रिप, म्हणजे चिकटवायची दिव्यांची पट्टी, पलंगाशेजारच्या स्टुलावर कापडी शेडचा लॅम्प, त्यात २७०० चा मंद करता येणारा स्मार्ट बल्ब, आणि पलंगाखाली सेन्सरवर लागणारी छोटी पट्टी.

ह्यात सगळ्यात कामाची निघाली ती शेवटची, आणि तीच सगळ्यात स्वस्त. दारातून आत पाऊल पडलं की पलंगाखालून उजेड फक्त फरशीवर पसरतो. चपला दिसतात, स्टुलाचा पाय दिसतो, कपाटाचं खालचं हँडल दिसतं. वर मुलीच्या तोंडावर अंधारच राहतो. हे कपडे बदलून बाहेर जेवायला जातात तोवर पट्टी आपोआप विझलेली असते. सुरुवातीला एक त्रास झाला. आमच्यापैकी कुणाचा हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबकळला की ती पेटायची. असा सेन्सर अंगाची हालणारी ऊब टिपतो, त्यामुळे पंख्याला तो भुलत नाही, हाताला मात्र भुलतो. त्याच्या पांढऱ्या घुमटीवर पलंगाच्या बाजूने काळी इन्सुलेशन टेप लावली आणि तोंड दाराकडे केलं. त्यानंतर तक्रार नाही.

स्ट्रिपने मात्र बरंच शिकवलं. शाहूपुरीतल्या एका दुकानातून दोन तुकडे आणले, दोन्हींवर ३००० छापलेलं. लावल्यावर एक छान मधाळ आणि दुसरा हिरवट. पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर फरक लगेच कळत होता. दुकानदार बदलून द्यायला तयार नव्हता, शेवटी दुसरीकडून एकच सलग रोल आणला. स्ट्रिप घ्यायची तर दुकानातच लावून पांढऱ्या कागदावर उजेड पाडून बघा आणि शक्यतो एकाच रोलमधून कापून घ्या. तसंच मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बघा. उजेड लपलपताना दिसला तर ते मॉडेल सोडून द्या.

मग पाऊस लागला. आमची पश्चिमेची भिंत दरवर्षी ओल धरते. जूनच्या अखेरीस स्ट्रिपचा चिकट पट्टा सुटला आणि अर्धी स्ट्रिप हेडबोर्डमागे लोंबायला लागली. सुताराला बोलावून हेडबोर्डच्या प्लायवूडला अॅल्युमिनियमचं प्रोफाइल, म्हणजे स्ट्रिप आत बसते अशी खाचेची पट्टी, स्क्रूने बसवून घेतलं, वर दुधी झाकण. त्यामुळे टिपके टिपके दिसायचे तेही गेले आणि उजेड एकसंध झाला. प्रोफाइल पहिल्या दिवसापासून हवंच, ओल्या भिंतीवर नुसता चिकटपट्टा टिकत नाही. स्ट्रिपला वीज देणारा बारा व्होल्टचा ड्रायव्हर गादीपासून लांब, हवा लागेल असा ठेवा. तो गरम होतो.

स्मार्ट बल्बबद्दल माझं मत मिश्र आहे. मंद करायला उत्तम, दहा टक्क्यांवर ठेवला तरी थरथरत नाही. (साध्या एलईडीला जुन्या पद्धतीचा डिमर जोडू नका, बल्ब लुकलुकतो आणि लवकर जातो.) पण मे महिन्यात वळवाच्या पावसात रात्री लाइट गेली आणि पहाटे आली, तर बल्ब पूर्ण उजेडात भगभगून पेटला. सगळं घर जागं. अॅपमध्ये ‘वीज आल्यावर काय करायचं’ अशी सेटिंग असते, तिथे ‘आधीची स्थिती’ निवडायची. घेण्यापूर्वी ती सोय आहे का ते विचारून घ्या. आपल्या भागात पावसाळ्यात हे होतच राहणार.

एक फायदा अनपेक्षित होता. पहिल्या पावसानंतर वाळवीची पंखवाली पाखरं दरवर्षी ट्यूबभोवती घिरट्या घालायची आणि सकाळी पंखांचा खच केरसुणीने काढावा लागायचा. यंदा रात्री पिवळा, मंद उजेड असल्यामुळे आमच्या खोलीत फार थोडी आली.

सासूबाईंना हे आधी अजिबात पटलं नव्हतं. “आजारी माणसाच्या खोलीगत वाटतंय गं,” म्हणाल्या. त्यांचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. वय झालं की बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे त्यांना आपल्यापेक्षा खरंच जास्त उजेड लागतो. त्या नातीला गोष्ट वाचून दाखवायला येतात तेव्हा लॅम्प पूर्ण वाढवतो आणि शेड पुस्तकावर वळवतो. ट्यूबही काढलेली नाही. कपड्यांच्या घड्या, साफसफाई, हरवलेली कानातली, ह्यासाठी तीच लागते. फक्त जेवणं झाली की ती बंद.

भिंतीच्या रंगाकडे मात्र आधी लक्ष द्या. आमच्या भिंती पिस्ता रंगाच्या होत्या, त्यावर पिवळा उजेड मळकट दिसायचा. हेडबोर्डमागची एकच भिंत क्रीम करून घेतली आणि खोली पालटली. पीओपीवाल्याने रंग बदलणाऱ्या स्ट्रिपचा आग्रह धरला होता, तो आम्ही मानला नाही. लाल-हिरवा-निळा मिसळून केलेला ‘वॉर्म’ गुलाबट होतो, माणसांचे चेहरे विचित्र दिसतात.

खर्च सुतारासकट तीन हजारांच्या आत. वीजबिलात जाणवण्यासारखा फरक नाही. सगळं करायचं नसेल तर पलंगाखालची पट्टी आणि २७०० चा एक साधा बल्ब घालून लॅम्प, एवढंच करा, भाड्याच्या घरातही भिंतीला हात न लावता होतं. हातातला मोबाइल भगभगीत असेल तर मात्र ह्यातल्या कशाचाच उपयोग नाही.

आता सासूबाईंनीच त्यांच्या खोलीत पट्टी मागितली आहे, रात्री बाथरूमला उठावं लागतं म्हणून. तिथे पलंगाखाली एक आणि पॅसेजमध्ये बाथरूमच्या दारापर्यंत दुसरी अशा दोन बसवणार आहोत, म्हणजे उंबऱ्याची पायरी नीट दिसेल.