बी६५० की एक्स६७०ई?

एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरसाठी पुण्याच्या तापकीर गल्लीत बी६५० किंवा एक्स६७०ई चिपसेटचा मदरबोर्ड घ्यायला निघालात, तर आधी एसएसडी (डेटा साठवायचे वेगवान ड्राइव्ह) किती लावणार ते मोजा. चिपसेट बोर्डावरच्या जोडण्या सांभाळतो; एक्स६७०ईवर त्याच्या दोन चिप असतात, बी६५०वर एकच. म्हणून एक्स६७०ईवर यूएसबी आणि एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) जोडण्याची सोय जास्त, शिवाय ग्राफिक्स कार्डाला पीसीआयई ५.० ही जास्त वेगाची जोडणी सुद्धा. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, दोन्हींवर होतं. एक-दोन एसएसडीच असतील तर बी६५०च घ्या, उरलेले पैसे चांगल्या पॉवर सप्लायवर घाला.

महाग म्हणजे टिकाऊ, हे मात्र अजिबात मानू नका. २०२३मध्ये काही रायझन ७८००एक्स३डी प्रोसेसर जळाले ते एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाला मिळणारं व्होल्टेज) जास्त गेल्याने, आणि त्यात महागडे बोर्डही होते. पुढे बायोसच्या (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटने ते व्होल्टेज १.३ व्होल्टवर रोखलं. त्यामुळे कुठलाही बोर्ड आणा, पहिलं काम बायोस अपडेट. रॅमच्या दोनच स्टिक लावा. चार लावल्या की रॅमचा अधिकृत वेग ५२०० एमटी/सेकंदवरून (सेकंदाला दशलक्ष ट्रान्सफर) ३६००वर येतो.