दोन महायुद्धांमधल्या काळातले कागदी नमुने: तीन पोशाखांच्या एका संचाचे परीक्षण

बडोद्यातील दांडिया बाजारात आमचे घर आहे आणि सासूबाईंच्या हातमशीनवर शिवण शिकून मी गेली वीस वर्षे घरचे व नात्यातले कपडे शिवत आले आहे. गेल्या दिवाळीनंतर मी एका लहान परदेशी विक्रेत्याकडून तीन जुन्या नमुन्यांचा, म्हणजे कापड बेतण्यासाठीच्या कागदी आकृत्यांचा, संच साडेआठशे रुपयांना विकत घेतला. मूळ नमुने १९२० व १९३० च्या दशकांतले असून त्यांचे कागद टिपून, संगणकावर स्वच्छ करून ते छापण्याजोग्या फाइलच्या रूपात दिलेले आहेत. त्यात एक कमरेखाली पट्टा असलेला सरळ झगा, एक उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या, कापडाचा लांब पोशाख आणि एक फुग्याच्या बाह्यांचे पोलके आहे. तिन्ही शिवून आणि त्यांतले दोन महिनाभर वापरून झाल्यावर हे लिहीत आहे.

पहिला अनुभव छपाईचा, आणि तो वाईट होता. फाइल मोठ्या कागदावर छापावी लागते, म्हणून घरांचे नकाशे छापणाऱ्या एका दुकानातून मी ती छापून आणली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात चार इंचांचा एक चौकोन दिलेला असतो, तो मोजून पाहणे हेच घेणाऱ्याचे पहिले काम. माझा चौकोन एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी भरला. दुकानदाराने कागदात बसावे म्हणून चित्र किंचित आखडले होते आणि त्याला ते सांगण्यासारखे वाटले नव्हते. चार इंचांत एक सूत म्हणजे छातीच्या ३६ इंचांत एक इंचाहून थोडी अधिक घट, आणि एवढ्या घटीने बेतलेले पोलके हुकापाशी फाटल्याशिवाय राहत नाही. सगळी पाने मला पुन्हा छापून घ्यावी लागली. यात विक्रेत्याचा दोष नाही. उलट तो चौकोन त्याने दिला म्हणूनच माझे कापड वाचले.

या नमुन्यांची मूळ भाषा समजून घेतल्याशिवाय कात्री लावू नये. मापांप्रमाणे लहान-मोठे केलेले कागदी नमुने अमेरिकेत एबेनेझर बटरिक याने १८६३ मध्ये विकायला सुरुवात केली. त्यानंतर कित्येक दशके हे नमुने म्हणजे पातळ, कोरा कागद असत; त्यावर एकही रेघ वा अक्षर छापलेले नसे, फक्त भोके पाडलेली आणि कडेला खाचा मारलेल्या असत. मॅकॉल कंपनीने १९२० च्या सुमारास छापील नमुने आणले, तरी इतर अनेक कंपन्या त्यानंतरही बरीच वर्षे भोकांवरच चालत राहिल्या. १९२७ मध्ये सुरू झालेल्या सिंप्लिसिटीने १५ सेंट एवढ्या कमी किमतीत नमुने विकले, आणि मंदीच्या वर्षांत हातात थोडे पैसे असलेल्या बायकांनाही चांगला पोशाख घरी शिवणे परवडले. या संचातला लांब पोशाख अशाच भोकांच्या नमुन्यावरून घेतलेला आहे, आणि विक्रेत्याने भोके जशीच्या तशी ठेवून शेजारी बारीक अक्षरांत त्यांचा अर्थ लिहिला आहे. मला ही पद्धत फार आवडली, कारण मूळ वस्तूही दिसते आणि अडतही नाही.

सरळ झगा १९२६ च्या आसपासचा आहे आणि त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. त्या वर्षांत पाश्चात्त्य स्त्रियांच्या पोशाखाची कमर कुल्ल्यांवर उतरली होती आणि घेर, म्हणजे पोशाखाची खालची कड, गुडघ्यापर्यंत चढला होता. पोशाख नळीसारखा सरळ, डोक्यावरून घालायचा. एका तासात शिवून होणारा पोशाख अशी जाहिरात त्या दशकात अमेरिकेत झाली होती, आणि हा नमुना पाहिला की ती का पटली असेल हे कळते. मला मात्र एका तासाऐवजी एक दुपार लागली. छाती भरलेली असेल तर पुढचा घेर वर उचलला जातो, म्हणून बगलेत अर्ध्या इंचाचा टक, म्हणजे आकारासाठी शिवलेली चिमटी, घ्यावा लागला. घरात घालायला उत्तम, बाहेर मी तो घालणार नाही.

संचाची खरी किंमत दुसऱ्या नमुन्यात आहे. १९२९-३० च्या सुमारास घेर पुन्हा पोटरीपर्यंत उतरला, कमर आपल्या जागी परत आली आणि कापड तिरपे कापण्याची रीत सर्वत्र पसरली. पॅरिसमधल्या मादलेन व्हियोने यांनी ती १९२० च्या दशकात पूर्णत्वाला नेली होती. उभ्या धाग्यावर कापलेले कापड ताणत नाही. तेच ४५ अंशांवर उरेब धरले की दोन्ही धागे एकमेकांवर सरकतात, कापड अंगाबरोबर लवते आणि टक न घेताही कमरेशी बसते. आपण उरेब पट्टी गळ्याला लावतो तेव्हा हाच गुण वापरतो, पण अख्खा पोशाख त्यावर उभा करायचा ही कल्पना हाताने करून पाहिल्याशिवाय पुरती उमगत नाही. नमुन्याप्रमाणे ३९ इंच पन्ह्याचे पावणेचार वार कापड लागते. मी मंगळ बाजारातून ४४ इंच पन्ह्याचे साधे क्रेप आणले, आणि तरीही तिरपे कापताना कोपऱ्यांत बरेच कापड वाया गेले.

या पोशाखात कमरेखाली टोकदार जोड आहे: वरचा भाग खाली कोनात उतरतो आणि स्कर्टचा भाग त्यात बसतो. तो कोन साधणे हीच या नमुन्याची परीक्षा. स्कर्टच्या आतल्या कोपऱ्याला आधी बारीक टीप मारून घ्यायची, मग तिच्यापर्यंत एकच चीर द्यायची, वरचा भाग टाचून कोनापर्यंत शिवत यायचे, सुई कापडात रुतलेली ठेवून मशीनचा पाय उचलायचा, कापड फिरवायचे आणि पुढे जायचे. माझा पहिला कोन चुणला. उसवून दुसऱ्यांदा केला तेव्हा तो इतका स्वच्छ आला की मी कापड खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहत राहिले. सूचनापत्रकात या सगळ्यासाठी एकच वाक्य आहे, कारण त्या काळची गृहिणी हे जाणते असे गृहीत धरलेले आहे. आजच्या घेणाऱ्यासाठी विक्रेत्याने इथे दोन चित्रे तरी द्यायला हवी होती.

घेर दुमडण्यापूर्वी पोशाख दोन रात्री खुंटीला टांगून ठेवला. तिसऱ्या दिवशी मोजला तेव्हा बाजूंना, जिथे कापड पूर्ण उरेब होते, तिथे घेर पाऊण इंच खाली उतरला होता आणि मध्यभागी होता तिथेच होता. टांगल्याशिवाय दुमडला असता तर पहिल्याच धुण्यात घेर वाकडा झाला असता. पोशाखाचे तोंड डाव्या बगलेखाली आहे, आणि तिथे चेन न लावता मी पत्रकाप्रमाणे टिचबटणे लावली. पोशाखांना चेन सर्रास लागू लागली ती १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात. टिचबटणांनी उरेब शिवण ताठरत नाही, हे मला घातल्यावर जाणवले.

तिसरा नमुना पोलक्याचा, आणि तो आमच्या घरी सर्वांत जास्त हाताळला गेला. सासूबाईंनी कागदाचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा बगलेचा गोल, हातात धरला आणि पत्रक न वाचताच म्हणाल्या, “अगं, मुंढा केवढा वर आहे बघ. हात उचललास तरी पोलकं वर जायचं नाही.” तसेच झाले. हल्ली शिंपी मुंढा खोल कापतात, त्यामुळे हात वर केला की सगळे पोलके वर चढते; इथे मुंढा बगलेच्या अगदी जवळ आहे आणि बाहीचा फुगा खांद्यावरच्या चुण्यांतून येतो, त्यामुळे हालचाल मोकळी राहते. ३६ इंच पन्ह्याची टू बाय टू रुबिया, हे पोलक्यांचे सुती कापड, यासाठी जणू मापून विणलेली आहे: सव्वा मीटरमध्ये पोलके निघाले. साडीवर ते इतके शोभते की दोन मावशींनी लगेच तसेच शिवून मागितले.

यात नवल नाही, कारण हे पोलके आपल्याकडे परके कधीच नव्हते. ‘झंपर’ हा आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडचा शब्द इंग्रजी ‘जंपर’वरूनच आला, आणि त्या काळी तिकडे जंपर म्हणजे डोक्यावरून घालायचा सैल, कमरेखाली उतरणारा अंगरखाच होता. नऊवारीकडून पाचवारीकडे आणि चोळीकडून पोलक्याकडे जो बदल आपल्या घरांत झाला, तो याच वर्षांतला. बडोद्याला तर त्याचे विशेष अगत्य आहे: महाराणी चिमणाबाईंनी १९१४ मध्ये स्त्री उद्योगालय स्थापन केले, आणि त्यांची कन्या, कूचबिहारची महाराणी इंदिराराजे, हिला शिफॉनच्या साड्या रूढ केल्याचे श्रेय दिले जाते. पॅरिसच्या उरेब पोशाखाला जी लवचीक, झिरझिरीत कापडे लागत, त्याच जातीचे कापड आपल्याकडे साडी म्हणून अंगावर आले.

माझी मुख्य तक्रार मापांची आहे. संचातला प्रत्येक नमुना एकाच मापाचा आहे. माझ्या नमुन्यांवर छाती ३६, कंबर ३० आणि सीट (कुल्ल्यांचा घेर) ३९ असे लिहिलेले होते. विक्रीच्या पानावर मात्र फक्त छातीचे माप दिले आहे. कंबर आणि सीटची मापे न पाहता घेतलेला नमुना बऱ्याच जणींना अंगाला बसणार नाही. दुसरे असे की शिलाईसाठी ठेवलेली माया जेमतेम तीन सूत आहे. आपण पोलक्याच्या बाजूला पुढे सैल करता यावे म्हणून दीड-दोन इंच माया ठेवतो. ती हवी असेल तर कागदाच्या बाहेर आपणच आखून घ्यावी, आणि उरेब पोशाखात ती मुळीच वाढवू नये, नाहीतर बाजूची शिवण जड होऊन कापड लवत नाही. आधी जुन्या धोतराच्या किंवा मलमलीच्या कापडावर कच्चे शिवून पाहिल्याशिवाय महाग कापडाला हात लावू नये.

नवशिक्या मुलीने यातले पोलके आधी घ्यावे, सरळ झगा वाटल्यास घ्यावा, आणि निदान दहा-बारा पोलकी हातून शिवून झाल्याखेरीज उरेब पोशाखाच्या वाटेला जाऊ नये. तीन नमुन्यांना साडेआठशे आणि दोनदा छापण्याचा खर्च धरूनही मला संच महाग वाटला नाही. कंबर व सीटच्या मापांविषयी मी विक्रेत्याला लिहिले तेव्हा दोन दिवसांत सौजन्यपूर्ण उत्तर आले आणि तिन्ही नमुन्यांची पूर्ण मापे मला पाठवण्यात आली. विक्रीच्या पानावर ती अजून चढलेली नाहीत, तेव्हा घेणाऱ्याने पैसे भरण्याआधी ती मागवून घ्यावीत.